अकरा जणांचा संघ आणि एक सही

"टीचर, फक्त एक सही पाहिजे," असे म्हणत मोहल्ल्यातल्या मुलांनी माझ्यासमोर कागद ठेवला, तेव्हा मी दहावीच्या उर्दूच्या वह्या तपासत होते. गावात रविवारची फुटबॉल लीग सुरू होणार होती. सोळा वर्षांखालील मुलांचे आठ संघ होते. प्रत्येक संघाला एक मोठा माणूस व्यवस्थापक म्हणून हवा होता, आणि मुलांनी ज्यांना ज्यांना विचारले त्या सर्वांना रविवारी नेमके काम होते. माझा धाकटा मुलगा त्याच संघात खेळणार होता. मी सही करून दिली. कागद तीन पानांचा होता. मी एकही पान वाचले नाही. वर्गात "प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचा" असे रोज सांगणाऱ्या शिक्षिकेने न वाचता सही केली, हे आज लिहिताना हसू येते. त्या हंगामात मात्र हसू आले नव्हते.

ही हकीगत सांगण्याचे कारण असे की आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले अशा हौशी स्पर्धांत खेळतात. आपण बूट घेऊन देतो, वर्गणी भरतो आणि बाकी सारे "पोरांचा खेळ" म्हणून सोडून देतो. मुलगा जिंकून आला की शाबासकी, हरून आला की रेफरीला दोष! मीही त्यातलीच होते. व्यवस्थापक झाल्यावर मला नियम शिकावे लागले, आणि काही नियम फार उशिरा शिकले.

नियमांची दोन पुस्तके

हौशी लीगमध्ये दोन प्रकारचे नियम चालतात, हे पालकांनी आधी समजून घ्यावे.

पहिले नियम खेळाचे. फुटबॉलचे लेखी नियम लंडनमध्ये १८६३ साली तिथल्या फुटबॉल असोसिएशनने केले. १८८६ पासून आंतरराष्ट्रीय फुटबॉल असोसिएशन मंडळ या नियमांची राखण करते. नियम फक्त सतरा आहेत आणि ते विश्वचषकाला आणि आपल्या गावच्या मैदानाला सारखेच लागू आहेत. गोलच्या खांबांमधले अंतर ७.३२ मीटर, आडव्या दांडीची उंची २.४४ मीटर, पेनल्टी ११ मीटरवरून, फ्री किकच्या वेळी समोरचा संघ ९.१५ मीटर दूर. मात्र लहान मुले, वयस्क खेळाडू, दिव्यांग आणि तळागाळातील हौशी संघ यांच्यासाठी काही बाबी बदलण्याची मोकळीक नियमातच दिलेली आहे. मैदान लहान घेता येते, चेंडू छोटा वापरता येतो, खेळाचा वेळ कमी करता येतो. एकदा बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत घेता येतो. म्हणूनच आमचे सामने नव्वदऐवजी साठ मिनिटांचे होते आणि दमलेला मुलगा थोडा बसून पुन्हा खेळू शकत होता.

दुसरे नियम लीगचे स्वतःचे. माझ्यापुढे ठेवलेल्या तीन पानांत तेच होते. अठरा खेळाडूंची यादी, प्रत्येकाचा जन्मदाखला आणि फोटो, अनामत रक्कम, दोन रंगांच्या जर्सी, प्रथमोपचाराची पेटी, सामन्याच्या अर्धा तास आधी हजेरी. ज्या संघाची पाळी असेल त्याने मैदानावर फक्की मारायची, जाळ्या बांधायच्या आणि गोलचे खांब जमिनीत पक्के आहेत ना ते पाहायचे. हे शेवटचे काम किरकोळ वाटते, पण हलवता येणारे गोलही जमिनीला घट्ट बांधलेले असले पाहिजेत, असे खेळाच्या पहिल्याच नियमात सांगितले आहे. मुले आडव्या दांडीला लोंबकळतात. सैल खांब कोसळला तर खाली कुणाचे तरी लेकरू असते.

सातवा मुलगा

दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसात वाजता आमचे फक्त सहा खेळाडू मैदानावर होते. एक जण मामूंच्या घरी लग्नाला गेला होता, दोघांची ट्यूशन होती, बाकीचे झोपले होते. रेफरी घड्याळ पाहत होता. कोणत्याही संघाचे सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू होत नाही आणि चालू असलेला पुढे चालवता येत नाही, हा नियम मला त्या दिवशी कळला. समोरचे अकरा जण, त्यांचे पालक, रेफरी, दोन लाइन्समन, पहाटे फक्की मारून बसलेली पोरे हे सगळे आमच्या एका मुलाची वाट पाहत होते. शेवटी आमचा सातवा खेळाडू सायकलवर आला, चेहराही न धुता. आम्ही सात जण खेळलो आणि सहा गोलांनी हरलो. पण सामना झाला.

त्या दिवसापासून एक साधी पद्धत पाडली. ज्याला रविवारी यायचे नसेल त्याने शुक्रवारी सांगायचे, आणि मुलाने नव्हे तर घरातल्या मोठ्यांनी सांगायचे. आपल्या घरातल्या एका दावतीमुळे एकवीस मुलांची सकाळ वाया जाऊ शकते, हे मुलापेक्षा आधी आपल्याला कळायला हवे.

ताईत, अंगठी आणि स्कार्फ

तिसऱ्या रविवारी रेफरीने आमच्या एका बचावपटूला थांबवले. त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ताईत होता आणि बोटात फिरोजाची अंगठी. नियम असा की खेळाडूच्या अंगावर कोणताही दागिना किंवा इजा करू शकेल अशी वस्तू नको. अंगठीवर पट्टी गुंडाळली तरी चालत नाही. पायाला शिनपॅड हवे आणि ते मोज्याखाली पूर्ण झाकलेले हवे. मुलगा रडवेला झाला, कारण ताईत दादींनी बांधला होता. दादी कट्ट्यावरच बसल्या होत्या. मी त्यांना सांगितले की धक्काबुक्कीत दोरा गळ्याला आवळू शकतो, बोट अंगठीत अडकून मोडू शकते. त्यांनी ताईत आणि अंगठी घेऊन दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारली आणि म्हणाल्या, "खेल होनेतक मेरे पास अमानत." पुढे दर रविवारी तीन-चार मुलांची अमानत त्या गाठीत असायची.

मुलींच्या बाबतीत आपल्या घरांतून हमखास येणारा प्रश्न म्हणजे हिजाब. त्याचा इतिहास माहीत असावा असा आहे. २००७ साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात मुलींच्या एका स्पर्धेत अकरा वर्षांच्या एका खेळाडूला हिजाब घातल्यामुळे बाहेर काढले गेले. तिच्या संघाने तिला एकटे सोडले नाही. सगळा संघच स्पर्धेतून बाहेर पडला. २०११ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान इथे ऑलिंपिक पात्रता सामन्यात इराणच्या महिला संघाला याच कारणाने खेळू दिले नाही. त्यानंतर जॉर्डनचे शहजादे अली बिन अल हुसैन आणि इतरांनी हा प्रश्न फुटबॉलच्या नियम मंडळापुढे मांडला. जुलै २०१२ मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली आणि मार्च २०१४ मध्ये ती कायम झाली. पुरुषांनाही, म्हणजे पगडी बांधणाऱ्या शीख खेळाडूंनाही, तीच मुभा मिळाली. २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली. महिलांच्या मुख्य विश्वचषकात असे पहिल्यांदाच घडले.

परवानगीसोबत अटीही आहेत. स्कार्फ काळा किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचा हवा. तो जर्सीला जोडलेला नको, त्याची टोके लोंबती नकोत आणि गळ्याजवळ बांधण्या-सोडण्याची कोणतीही खटकी नको. साध्या भाषेत सांगायचे तर घरून पिना लावून मुलीला पाठवू नका. डोक्यावरून ओढून घालायचा ताणणाऱ्या कापडाचा स्कार्फ शिवून घ्या.

रमजानचेही तसेच. एप्रिल २०२१ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लेस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात सूर्यास्ताच्या वेळी खेळ थोडा थांबला, कारण दोन्ही संघांत रोजेदार खेळाडू होते आणि दोन्ही कर्णधारांनी हे आधीच ठरवले होते. आमच्या लीगमध्येही वेळापत्रक ठरण्यापूर्वी लेखी विनंती दिली, तर त्या महिन्यातले आमचे सामने पुढे ढकलले गेले. नियम अडचणीचा वाटला तर तो बदलून मागता येतो, एवढे मी यातून शिकले. मागणे वेगळे आणि चुकवणे वेगळे. हा फरक मला किती उशिरा कळला, ते पुढे सांगते.

शिट्टीचा मान

आमच्या लीगचा एक रेफरी कॉलेजात शिकणारा पोरगा होता. प्रत्येक सामन्याचे त्याला थोडे मानधन मिळायचे, आणि शिव्या फुकट. खेळात काय घडले याबद्दल रेफरीने दिलेला निर्णय अंतिम असतो, हे नियमात स्पष्ट आहे. गोल झाला की नाही, हेसुद्धा त्यात येते. चुकीचा असला तरी तो अंतिमच. कर्णधाराला कोणताही खास अधिकार नसतो. मात्र संघाच्या वागण्याची काही जबाबदारी त्याच्यावर असते. युरोपात २०२४ च्या युरो स्पर्धेत रेफरीशी फक्त कर्णधारानेच बोलायचे, बाकीच्यांनी घेराव घालायचा नाही, अशी पद्धत ठेवली होती. आमच्या लीगनेही तीच ठेवली.

इंग्लंडमध्ये रविवारच्या हौशी फुटबॉलची परंपरा मोठी आहे, आणि तिथेही रेफरीशी हुज्जत ही जुनीच डोकेदुखी. त्यावर त्यांनी एक उपाय काढला. हुज्जत घालणाऱ्याला पिवळे कार्ड दाखवायचे आणि नव्वद मिनिटांच्या सामन्यात दहा मिनिटे बाहेर बसवायचे. तेवढा वेळ त्याचा संघ एका खेळाडूने कमी. आधी ३१ लीगमध्ये करून पाहिले, तेव्हा हुज्जतीचे प्रकार ३८ टक्क्यांनी घटले. मग २०१९-२० च्या हंगामापासून तळागाळातल्या सर्व स्तरांवर हा नियम लागू झाला. आम्ही साठ मिनिटांच्या सामन्यासाठी सात मिनिटे ठेवली. माझा मुलगा पहिल्याच महिन्यात दोनदा बाहेर बसला. दंड भरला असता तर तो त्याच्या अब्बूंच्या खिशातून गेला असता. बाहेर बसला तेव्हा दोस्तांच्या नजरा त्याला स्वतःला सोसाव्या लागल्या. तिसऱ्यांदा तो बसला नाही.

पण खरा गोंधळ मैदानाबाहेर असतो. "अरे, आंधळा आहेस का?" हे वाक्य मी मुलांपेक्षा वडिलांच्या तोंडून जास्त ऐकले. २०१९ पासून रेफरी संघाच्या बाकावरील पदाधिकाऱ्यांनाही पिवळे-लाल कार्ड दाखवू शकतो. त्यात एक कलम आहे, जे वाचून मी चरकले. बाकावरून गैरवर्तन झाले आणि नेमके कुणी केले ते कळले नाही, तर कार्ड तिथे हजर असलेल्या वरिष्ठ प्रशिक्षकाला मिळते. आपल्या माणसांसाठी आपण जबाबदार, असा याचा सरळ अर्थ.

मराठी मुलखात हौशी फुटबॉल पाहायचा तर कोल्हापूरला जावे. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावे ऐकली तरी कळते की तिथे संघ म्हणजे अख्खी पेठ. शाहू स्टेडियमवरची ती गर्दी पाहून हेवा वाटतो. पण पेठेचे प्रेम स्टँडमधल्या भांडणात उतरले की खेळाडूंनी वर्षभर घाम गाळून मिळवलेले मागे पडते आणि भांडणाचीच बातमी होते. आमचा मोहल्ला कोल्हापूरच्या एका गल्लीएवढाही नाही, तरी तोच धोका आमच्याकडेही होता. म्हणून आम्ही पालकांसाठी मैदानाच्या एका बाजूला फक्कीची रेघ मारली आणि ठरवले की रेघेच्या आत पाऊल नाही, रेफरीला शब्द नाही, टाळ्या दोन्ही संघांना.

एका नावावर दुसरा

आता माझी चूक. लीगचा पाचवा सामना. आमचा गोलकीपर तापाने फणफणला होता आणि यादीत दुसरा गोलकीपर आम्ही नोंदवलाच नव्हता. मुलांनी त्याच्या चुलतभावाला आणले. तो सुटीत आला होता, वय तेच, अंगकाठी तीच. "टीचर, नाव तेच लिहू. कुणाला कळणार आहे?" मला थांबवता आले असते. पण मुले तयार होऊन उभी होती, समोरचा संघ उभा होता, आणि मनात आले की एका दिवसाचा तर प्रश्न आहे. मी यादीवर सही केली. आम्ही २-१ ने जिंकलो. त्या मुलाने एक पेनल्टीही अडवली.

मंगळवारी संध्याकाळी समोरच्या संघाचे व्यवस्थापक घरी आले. रिक्षा चालवतात. दारात चप्पल काढून, पाणी पिऊन ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमचा गोलकीपर भारी खेळला. फक्त तो तुमचा गोलकीपर नव्हता." मी काही बोलले नाही. ते म्हणाले, "मी तक्रार करणार नाही. पण माझी पोरं विचारतात, पुढच्या रविवारी आपणही कुणाला तरी बोलवायचं का? तुम्ही शिकवणाऱ्या आहात. त्यांना काय सांगू, तेवढं सांगा."

ते गेल्यावर मी ती तीन पाने पहिल्यांदा वाचली. दुसऱ्या पानावर होते: नोंदणी नसलेला खेळाडू उतरवल्यास सामना ३-० ने विरुद्ध संघाला, अनामत जप्त, व्यवस्थापकाला दोन सामने मैदानबंदी. हा ३-० चा आकडाही लीगने मनाने काढलेला नव्हता. फिफाच्या शिस्तीच्या नियमांत गमावलेल्या सामन्याचा तोच निकाल धरतात. शेवटच्या ओळीखाली माझी सही होती.

मी बुधवारी मुलांना जमवून सांगितले आणि त्यांच्यासमोरच लीगला पत्र लिहिले. एक जण म्हणाला, "टीचर, कुणी तक्रार केलीच नाहीये." कर्णधार मान खाली घालून बसला होता. मग हळूच म्हणाला, "परीक्षेत दुसऱ्याच्या जागी कुणी बसला तर तुम्ही पकडता ना?" त्यावर कुणी बोलले नाही. माझा मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. एक आई येऊन म्हणाली, "आपल्याच मुलांचं नुकसान का केलंत?" मला तिला समजावता आले नाही, कारण नुकसान खरे होते. लीगच्या शेवटी उपांत्य फेरी आमची दोन गुणांनी हुकली. त्या विजयाचे तीन गुण राहिले असते तर आम्ही आत असतो.

मैदानबंदीचे दोन सामने मी कुंपणाबाहेर, पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून पाहिले. यादी घेऊन रेफरीकडे कर्णधार गेला. पंधरा वर्षांचा तो मुलगा प्रत्येक कार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून पाहत होता, जणू शाळेच्या गेटवर शिपाई. पाण्याच्या बाटल्या, शिनपॅड, दादींची अमानत सगळे जागेवर होते. एक सामना हरले, एक बरोबरीत सुटला. सामना संपल्यावर दोन्ही संघांनी मिळून जाळ्या सोडल्या, आणि रिक्षावाल्या काकांनी आमचे खांबही आपल्या रिक्षातून शाळेपर्यंत पोचवले.

पुढचा हंगाम

तुमच्या मोहल्ल्यातही कुणी मुले असा कागद घेऊन येतील. सही जरूर करा. मुलांना मोठ्या माणसाची गरज असते. पण आधी कागद वाचा, मग तो मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना वाचून दाखवा. जन्मदाखले स्वतः तपासा. दोन गोलकीपर नोंदवा. अनामत आणि वर्गणीचा हिशेब एका वहीत ठेवा आणि ती वही कुणालाही पाहू द्या. पेटीत बर्फाची पिशवी, पट्ट्या, ओआरएसच्या पुड्या आणि प्रत्येक मुलाच्या घरचा फोन नंबर ठेवा. डोक्याला मार बसलेला मुलगा "मी ठीक आहे" म्हणाला तरी त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि रेफरीला सामना संपल्यावर, निकाल काहीही लागो, सलाम करून, आभार मानून घरी या.

यंदा लीगचा कागद पुन्हा आला. कर्णधार आता सतरा वर्षांचा झाला आहे. तो वयोगटाबाहेर गेला, पण मदतनीस म्हणून संघासोबत आहे. त्याने कागद माझ्यापुढे ठेवला, पेन दिला आणि म्हणाला, "टीचर, सही."

मी म्हटले, "थांब, आधी चष्मा घेऊन येते."